वहिवाट आणि सनद



गेल्या दिवाळींत माझा नातू पुण्याहून परभणीस घरीं आला होता. तो संगणकशास्त्राचा विद्यार्थी. रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्ही ओसरीवर बसलों असतां त्यानें आपला फोन माझ्यापुढें धरला आणि विचारलें, "आजोबा, हा अंगठा कोणाच्या मालकीचा, सांगा पाहूं?" पडद्यावर कोणाच्या तरी बारशाचें छायाचित्र होतें आणि त्याखालीं फेसबुकवरची ती सुप्रसिद्ध पसंतीची खूण, वर केलेला अंगठा, दिसत होती. मीं म्हटलें, "बाबा रे, आमच्या लहानपणीं या जिल्ह्यांत अंगठा सावकाराच्या मालकीचा असे." तो हंसला. पण त्याचा प्रश्न थट्टेचा नव्हता. त्या खुणेवरून अमेरिकेंत खरोखरच खटला उभा राहिला होता, आणि तो कशावरून उभा राहिला हें त्याला माझ्याकडून ऐकावयाचें होतें. मी वकिलींत आयुष्य घालविलें असल्यामुळें त्याची अपेक्षा गैर नव्हती. मात्र उत्तर देण्यास मीं संगणकापासून नव्हे, तर हळदीपासून आरंभ केला. आपल्यापुढेंहि तोच क्रम ठेवतों.

पेटंट, ज्यास आपण एकस्व म्हणतों, ही मूळची राजाची सनद. ज्यानें एखादी खरोखर नवी वस्तु वा कृति शोधून काढली, त्यानें ती गुप्त न ठेवतां जगापुढें उघड करावी. आणि त्याच्या मोबदल्यांत कांहीं ठराविक वर्षें, आज बहुतेक देशांत अर्जाच्या दिवसापासून वीस, इतरांस ती करण्यापासून व विकण्यापासून अडविण्याचा हक्क त्यास मिळावा, असा हा सौदा आहे. सौदा न्याय्य आहे याविषयीं माझ्या मनांत शंका नाहीं. परंतु सनद देणारा राजा असो वा सरकारी कचेरी असो, जें आधींच सर्वांच्या वापरांत आहे तेंहि एकाच्या नांवें लिहून देण्याचा प्रमाद त्याच्या हातून वारंवार होत आला आहे. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीनें मीठ, शिरका आणि खेळण्याचे पत्ते यांचे मक्ते दरबारी मंडळींस वांटले होते. पत्त्यांचा मक्ता तेथील न्यायाधीशांनीं १६०२-०३ च्या सुमारास रद्द ठरविला, आणि १६२४ सालीं पार्लमेंटानें कायदाच केला कीं, नव्या शोधाखेरीज दुसर्‍या कशाचीहि अशी सनद नको. नव्यासाठीं मात्र चौदा वर्षें मिळावीं. आजचा पेटंट-कायदा बव्हंशीं या कायद्याच्या वंशांतला आहे. मक्ता म्हणजे काय हें निजामाच्या राज्यांत ताडी-शिंदीचे मक्तेदार पाहिलेल्या मराठवाड्यास निराळें सांगावयास नको.

येथें मला आपल्याकडील एक जुनी रीति आठवते. शिवकाळांत व पेशवाईंत एखाद्या पाटीलकीचा वा कुळकर्णाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसे. गांवचे वृद्ध, बलुतेदार, शेजारच्या गांवांचे पाटील यांना शपथ घालून विचारीत कीं, वहिवाट कोणाची? ते जें सांगत तें कागदावर उतरे, खालीं त्यांच्या निशाण्या होत आणि असा महजर तयार होई. लेखी कागद नसला तरी चार जुन्या माणसांची आठवण पुरावा म्हणून चाले. खोट्या साक्षीहि होत असतील. माणसें तेव्हांहि माणसेंच होतीं. पण तोंडच्या साक्षीला तेथें किंमत होती, एवढें ध्यानांत असूं द्यावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां हळदीकडे वळूं. १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत वसमत तालुका परभणी जिल्ह्यांत होता; म्हणून १९९५ सालची कथा सांगतांना मीं वसमतची हळद परभणीची म्हटली तर हिंगोलीकरांनीं रागावूं नये. मृगाच्या आगेंमागें लावलेलें बेणें आठ-नऊ महिन्यांनीं काढणीस येतें. मग कंद कढईंत शिजवावयाचे, दहापंधरा दिवस उन्हांत वाळवावयाचे, आणि शेवटीं पिंपांत घालून फिरवावयाचे, म्हणजे वरची खरबरीत साल जाऊन हळकुंडास चकाकी येते. त्या दिवसांत गांवांत शिरतांच वास येतो. विळा लागला, ठेंच लागली, कीं आईनें डब्यांतली चिमूटभर हळद जखमेवर दाबावी आणि फडक्यानें बांधावी, हें माझ्याच काय, ऐकणार्‍या प्रत्येकाच्या घरीं झालेलें आहे. माझ्या डाव्या करंगळीवर अशा एका जखमेचा व्रण अजून आहे.

असें असतां २८ मार्च १९९५ रोजीं अमेरिकेच्या पेटंट-कचेरीनें ५४,०१,५०४ क्रमांकाचें पेटंट दिलें. तें मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नांवें होतें, आणि ज्या दोघां संशोधकांचा हा शोध म्हणून नोंदला गेला ते दोघेहि भारतीय वंशाचे होते. शोध कोणता? तर जखम भरून येण्यासाठीं हळदीची पूड रोग्यास पोटांतून वा जखमेवरून देणें!

आपल्याकडील वर्तमानपत्रांनीं त्या वेळीं जो गहजब केला त्यांत थोडी अतिशयोक्ति होती, हेंहि सांगितलें पाहिजे. या पेटंटानें वसमतच्या शेतकर्‍याची हळद जप्त होणार नव्हती कीं कोणा आईच्या हातांतला डबा कोणी काढून घेणार नव्हतें. पेटंट अमेरिकेपुरतें होतें आणि जखमेवरील उपयोगापुरतें होतें. ते संशोधकहि चोर नव्हते. त्यांनीं प्रयोग केले होते आणि आपल्या अर्जांत हळदीच्या भारतांतील वापराचा उल्लेखहि त्यांनीं दडविला नव्हता. तरी पण प्रश्न लहान नव्हता. जें आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलों तें कोणी प्रयोगशाळेंत पुन्हां करून पाहिलें, एवढ्यानें तें नवें होतें काय? तें नवें ठरलें, तर हळदीनंतर कडुनिंब, कडुनिंबानंतर तुळस, असा पाढा कोठवर जाईल?

या प्रश्नास हात घातला तो भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें. तिचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यांतल्या माशेलचे, मुंबईंत गरिबींत शिकलेले. २८ ऑक्टोबर १९९६ रोजीं परिषदेनें पेटंटाच्या फेरतपासणीची मागणी केली. आणि येथेंच ती गोष्ट पुढें आली जिच्यासाठीं मीं आपल्यास गोतसभेची आठवण करून दिली. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणें एखादी गोष्ट पूर्वीं अमेरिकेंतच माहीत वा वापरांत असेल तर तोंडी पुरावा चाले. परंतु परदेशांत ती वापरांत होती एवढें सांगून भागत नसे. परदेशाच्या बाबतींत छापील ग्रंथ वा पेटंट दाखवावें लागे. म्हणजे लाखो घरांतील आयांना साक्षीस उभें केलें असतें तरी त्यांची साक्ष कायद्याच्या दृष्टीनें शून्य होती. हा भेद अमेरिकेनें २०११ च्या कायद्यानें काढून टाकला, आणि तो बदल २०१३ पासून अंमलांत आला. १९९६ सालीं मात्र तो जिवंत होता.

म्हणून परिषदेच्या मंडळींनीं कागद शोधले. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतून त्यांनीं बत्तीस आधार गोळा केले. त्यांतील कांहीं शंभर वर्षांहून जुने होते. १९५३ सालीं इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत आलेला एक लेखहि त्यांत होता. हा आपला आधुनिक महजरच म्हणावयाचा! पेटंटाच्या बाजूनें असा युक्तिवाद झाला कीं, जुन्या ग्रंथांत हळदीचा लेप सांगितला आहे आणि आमचा दावा कोरड्या पुडीचा आहे. लेप आणि पूड शरीरांत शोषिलीं जाण्याची रीति भिन्न आहे. कोणत्याहि गृहिणीस हा भेद ऐकून हंसूं आलें असतें. तपासनिसासहि तो पटला नाहीं. ऑगस्ट १९९७ मध्यें सर्व दावे फेटाळले गेले आणि २१ एप्रिल १९९८ रोजीं तसें प्रमाणपत्र निघालें. भारतीय परंपरेंतील ज्ञानाच्या आधारानें अमेरिकेंतील पेटंट रद्द होण्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. पुढें २००१ पासून आयुर्वेदादि ग्रंथांतील योग परकी तपासनिसांस वाचतां येतील अशा भाषांत उतरवून ठेवण्याचें मोठें काम सरकारनें हातीं घेतलें, त्याचें मूळ या लढ्यांत आहे.

येथवर ऐकल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, पण हळदीचा आणि संगणकाचा संबंध काय?" संबंध आहे, आणि तो आपल्या कायद्याच्या पुस्तकांतच आहे. आपला १९७० चा पेटंट-कायदा, जो २० एप्रिल १९७२ पासून अंमलांत आला, त्याच्या तिसर्‍या कलमांत कोणकोणत्या गोष्टी शोध मानावयाच्या नाहींत याची यादी आहे. २००२ सालीं संसदेनें या यादींत एकाच वेळीं भर घातली. तींत वनस्पति, प्राणी व बीं-बियाणें आलें. परंपरागत ज्ञान आलें. आणि त्यांच्याच ओळीस गणिती वा व्यापारी पद्धति, गणनाची रीति आणि केवळ आज्ञावली म्हणून पाहिलेली संगणक-आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, हेंहि आलें. हळदीचा डबा आणि संगणकाची आज्ञावली हीं एकाच कायद्यानें, एकाच यादींत, शेजारीं शेजारीं बसविलीं गेलीं. २० मे २००३ पासून ही यादी अंमलांत आली. बियाण्याच्या कलमावरून कापसाच्या बीटी बियाण्याचा जो मोठा वाद दिल्लीच्या न्यायालयांत झाला आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां सुनावणीकडे परत पाठविला, तो आपल्या कापसाच्या जिल्ह्यास चांगलाच ठाऊक आहे. पण तो स्वतंत्र भाषणाचा विषय.

त्या सुमारास अमेरिकेंत काय चाललें होतें पाहा. तेथें सॉफ्टवेअरवर पेटंटें मुबलक मिळत. १९९९ च्या सप्टेंबरांत ॲमेझॉन या दुकानदार कंपनीस एका कळीसरशी वस्तु विकत घेण्याच्या युक्तीवर पेटंट मिळालें आणि महिन्याभरांतच तिनें प्रतिस्पर्ध्यावर फिर्याद लावली. उधारीच्या खात्यावर "मांडून ठेवा" एवढें म्हणून सामान नेणार्‍या आपल्या गिर्‍हाइकास ही युक्ति कितपत नवी वाटली असती कोण जाणे! मग पाळी आली ओळखीपाळखीच्या व्यवहाराची. माणसानें आपल्या परिचितांची यादी करावी, परिचितांच्या परिचितांपर्यंत पोंचावें, या रचनेवर 'सिक्स डिग्रीज' नांवाच्या संस्थेनें जानेवारी १९९७ मध्यें अर्ज केला आणि जानेवारी २००१ मध्यें पेटंट पदरांत पाडलें. संस्था बुडाली, पण पेटंट उरलें. २००३ सालीं त्याचा लिलांव झाला तेव्हां याच धंद्यांतील दोघां गृहस्थांनीं तें सात लक्ष डॉलरांस घेतलें, कारण दुसर्‍या कोणाच्या हातीं तें पडतें तर सगळ्या धंद्याचीच अडवणूक झाली असती. 'फ्रेंडस्टर'ला २००६ च्या जूनमध्यें असेंच एक पेटंट मिळालें. त्याहि संस्थेचा बहर लौकरच ओसरला, आणि २०१० सालीं तिचीं पेटंटें फेसबुकनें विकत घेतलीं. त्याच वर्षीं २३ फेब्रुवारीस खुद्द फेसबुकला एक पेटंट मिळालें होतें. विषय असा कीं, स्नेह्यासोबत्यांनीं काय काय केलें याची ताजी हकीकत प्रत्येकास आपोआप पोंचती करावी. आमच्या गांवीं हें काम पाणवठ्यावर होत असे.

मी हें थट्टेनें बोलतों खरें. पण न्यायानें बोलावयाचें तर दोन्ही गोष्टी एक नव्हेत. कोट्यवधि लोकांची माहिती क्षणांत निवडून पोंचविणारें यंत्र उभारणें हें मोठ्या बुद्धीचें काम आहे, आणि तें यंत्र ज्या विशिष्ट रीतीनें चालतें ती रीति नवी असूं शकते. आक्षेप रीतीवर नाहीं. दाव्याची भाषा इतकी सैल लिहिली जाते कीं तींत रीति मागें राहते आणि वहिवाटच कुंपणांत येते, हा आक्षेप आहे. हळदीच्या पेटंटांत तरी याहून निराळें काय होतें?

या कुंपणांचा उपयोग कसा झाला त्याचा मासला २०१२ सालीं दिसला. फेसबुकचे भाग बाजारांत यावयाच्या तयारींत असतांना, १२ मार्चला याहू कंपनीनें दहा पेटंटें पुढें करून तिच्यावर फिर्याद केली. फेसबुकनें एप्रिलमध्यें उलट दहा पेटंटें पुढें केलीं, आणि त्याच महिन्यांत मायक्रोसॉफ्टकडून सुमारें साडेसहाशें पेटंटें पंचावन्न कोटि डॉलर मोजून घेतलीं. जुलैंत तडजोड झाली. दोघांनीं एकमेकांस आपलीं पेटंटें वापरण्याची मोकळीक दिली. किल्लेदारांनीं एकमेकांवर तोफा रोखाव्या आणि मग पानसुपारी घेऊन उठावें, तसा हा प्रकार. पण ज्याच्यापाशीं तोफ नाहीं अशा धडपड्या तरुणानें, समजा आमच्या परभणीच्याच एखाद्या मुलानें, चार मित्र मिळवून असें कांहीं काढलें असतें, तर त्याच्याशीं तडजोड करण्याचें कोणास काय कारण होतें?

भारतांत हें संकट एकदां अगदीं उंबरठ्यापर्यंत आलें होतें, हें फारसें कोणास आठवत नाहीं. जागतिक व्यापार-कराराची मुदत भरत आल्यामुळें २६ डिसेंबर २००४ रोजीं सरकारनें एक वटहुकूम काढला. सगळ्यांचें लक्ष औषधांच्या किमतींकडे होतें, आणि तें योग्यच होतें. पण त्याच वटहुकुमांत सॉफ्टवेअरच्या कलमाला एक लहानशी फट पाडली होती: आज्ञावलीचा उद्योगांतील तांत्रिक उपयोग किंवा यंत्राशीं तिची जोड असेल तर तिला पेटंट मिळावें. यंत्राशीं जोड नसलेली आज्ञावली असते कोठें? फटींतून सगळाच वाडा बाहेर गेला असता. मोफत व मुक्त आज्ञावलीचा पुरस्कार करणार्‍या मंडळींनीं ओरड केली. त्या वेळचें सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभें होतें आणि त्यांनीं विरोध धरला. शेवटीं मार्च २००५ मध्यें कायदा मंजूर झाला तेव्हां तेवढा भाग गाळला गेला आणि २००२ चे शब्द जसेच्या तसे राहिले. योगायोग असा कीं, युरोपच्या पार्लमेंटानेंहि त्याच वर्षीं ६ जुलैला सॉफ्टवेअर-पेटंटाचा मसुदा १४ विरुद्ध ६४८ मतांनीं फेटाळला.

तरी भांडण मिटलें असें नाहीं. 'केवळ आज्ञावली म्हणून' या शब्दांतील 'केवळ' म्हणजे किती, यावर वकिलांचा पिढ्यान्‌पिढ्या चरितार्थ चालावा. २०१५ च्या ऑगस्टांत पेटंट-कचेरीनें काढलेले नियम सैल वाटले म्हणून ओरड झाली आणि डिसेंबरांत ते स्थगित झाले. फेब्रुवारी २०१६ चे नियम कडक निघाले. जून २०१७ मध्यें त्यांतील नव्या यंत्राची अट गळाली. डिसेंबर २०१९ मध्यें दिल्लीच्या उच्च न्यायालयानें सांगितलें कीं, आज्ञावलीचा कांहीं तांत्रिक परिणाम होत असेल तर नुसत्या त्या शब्दांवर बोट ठेवून अर्ज फेटाळूं नये. मला व्यक्तिशः हा मार्ग गैर वाटत नाहीं. मात्र तपासनिसापुढें पुरावा कोण ठेवणार, ही अडचण त्यानें सुटत नाहीं. हळदीच्या वेळीं निदान ग्रंथ होते. संगणकावरच्या वहिवाटीचे ग्रंथ नाहींत. पंचवीस वर्षांपूर्वींच्या संस्था बंद पडल्या, त्यांचीं पानें पुसलीं गेलीं, ज्यांनीं तीं वापरलीं ते विसरून गेले. शंभर वर्षांचा जुना कागद सांपडतो आणि वीस वर्षांपूर्वींची आज्ञावली सांपडत नाहीं, हें या शतकाचें मोठें विचित्र लक्षण आहे.

वसमतच्या हळदीला मधल्या काळांत निराळ्या जातीची सनद मिळाली. २०२४ सालीं 'वसमत हळद' या नांवाची भौगोलिक निर्देशन म्हणून नोंद झाली. हा हक्क एका माणसाचा नव्हे. त्या मुलुखांत ती हळद पिकविणार्‍या सर्वांचा आहे. तो वीस वर्षांनीं संपत नाहीं, नोंदीचें नूतनीकरण करीत राहतां येतें. आणि त्यासाठीं कोणास आपण नवें कांहीं शोधलें असें सांगावें लागत नाहीं. उलट, जुनी वहिवाट आहे हेंच त्यांत दाखवावें लागतें.

आतां माझ्या नातवाचा अंगठा तेवढा राहिला. हॉलंडमध्यें योआनेस फान डेर मेर नांवाचा एक संगणकी कारागीर होता. संगणकाच्या जाळ्यावर आपली रोजनिशी ठेवावी, तींत इतर ठिकाणचा आवडलेला मजकूर आणून लावावा आणि ती निवडक लोकांस दाखवावी, अशी कल्पना त्यानें मांडली. १९९८ सालीं अर्ज केले आणि २००१ व २००२ सालीं त्यास दोन पेटंटें मिळालीं. फेसबुकचा जन्म २००४ चा. त्याच वर्षीं हा गृहस्थ वारला. पुढें रेम्ब्रँट सोशल मीडिया नांवाच्या कंपनीकडे त्याचीं पेटंटें आलीं आणि तिनें २०१३ च्या फेब्रुवारींत व्हर्जिनियाच्या न्यायालयांत फिर्याद केली कीं, पसंतीची ही कळ त्या पेटंटांचा भंग करते. कोणाचा पक्ष घ्यावा हें मला सांगतां आलें नसतें. एका बाजूस जगड्‌व्याळ कंपनी, दुसर्‍या बाजूस मृत कारागिराच्या कल्पनेवर हक्क सांगणारी पेटंटांची व्यापारी. आणि मधल्यामध्यें तो बिचारा, ज्यानें खरोखरच कांहीं आधीं पाहिलें होतें. जून २०१४ मध्यें ज्यूरीनें निकाल दिला: भंग झालेला नाहीं, आणि पेटंटांतील ज्या दाव्यांवरून फिर्याद केली तेच मुळीं ग्राह्य नाहींत. त्याच महिन्याच्या १९ तारखेस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें दुसर्‍या एका प्रकरणांत एकमतानें ठरविलें कीं, जुनी अमूर्त कल्पना नुसती संगणकावर करून दाखविल्यानें पेटंटास पात्र होत नाहीं.

नातू हें ऐकून म्हणाला, "म्हणजे अंगठा मोकळा झाला." मीं म्हटलें, "त्या खटल्यापुरता." तेवढ्यांत आंतून सूनबाईंनीं हळद घातलेलें दूध आणलें आणि आमचें बोलणें तेथेंच थांबलें.